हुरमत आणि हाडाची पेटी

लग्न होऊन हुरमत उदयपूरला आली, तेव्हा सुरुवातीचे काही दिवस तिच्या घशाखाली घास उतरेना. खांजीपीरच्या त्या अरुंद गल्लीत सासरच्या अंगणात एक भली मोठी लोखंडी कढई कायम चुलीवर असायची आणि तिच्यात उंटांची हाडं सोडा घालून उकळत असायची. वास असा, की दार लावलं तरी फटीतून आत यायचा, ओढणीत बसायचा, उशीला चिकटायचा. हुरमत सलूंबरच्या पिंजाऱ्याची मुलगी. माहेरी घरभर कापूस उडायचा, नाकातोंडात जायचा, पण त्याला वास नव्हता.

सुनेने ताट तसंच सरकवलेलं सासूबाईंनी पाहिलं.

"खा गं बाई, खा. नाकाचं काय, चार दिवस रुसतं आणि मग गप बसतं. माझंही रुसलं होतं."

"आणि नाही बसलं गप तर?"

"तर नाक तेवढं माहेरी धाड. बाकीची तू इथंच राहा. काम पुष्कळ आहे."

काम पुष्कळ होतं हे मात्र अक्षरशः खरं निघालं. उकळलेली हाडं खरवडायची, औषधाच्या पाण्यात घालून पांढरी करायची, गच्चीवर उन्हात पसरायची, कावळ्या-कुत्र्यांपासून राखायची. मग हुरमतचा नवरा लियाकत ती करवतीवर धरून त्यांच्या पट्ट्या पाडायचा. पाचसहा पट्ट्या एकावर एक चिकटवून त्यांची जुडी करायची, जुडीवर पाकळी रेखायची आणि कानशीने घासत घासत तो आकार काढायचा, म्हणजे एका घासण्यात पाचसहा पाकळ्या एकसारख्या निघतात. या पाकळ्या पोत्यांनी भेरूलाल सुथाराच्या कारखान्यात जायच्या. तिथे लाकडी कपाटांवर, मेजांवर, आरशांच्या चौकटींवर त्यांची वेलबुट्टी चिकटवली जायची, मधल्या फटींत काळी नाहीतर निळी राळ भरली जायची आणि सगळं घासून पुसून आरशासारखं केलं की माल बोटीने कुठल्या कुठे जायचा. लाकूड सुथारांचं आणि हाड मुसलमानांचं, अशी वाटणी त्या गावात कुणी केव्हा केली कोण जाणे. पण ती कुणी मोडलीही नव्हती.

लियाकत मितभाषी माणूस. नव्या बायकोशी त्याचं पहिलं लांबलचक बोलणं झालं ते कानशीवरून. तिने घासलेली पाकळी त्याने चिमटीत धरली, उजेडात नेली.

"ही काय आहे?"

"पाकळी."

"हिने रफू करता येईल. पाकळी अशी टोचरी असते होय? परत घास."

तिने परत घासली. मग पुढली तीस वर्षं ती घासतच राहिली.

मधल्या काळात काय झालं ते थोडक्यात सांगता येण्यासारखं आहे, कारण त्यातलं बरंचसं एकसारखंच होतं. सासूबाई गेल्या. शेजारच्या नव्या वस्तीतल्या लोकांनी वासाबद्दल तक्रारी केल्या, तेव्हा उकळण्याचं काम गावाबाहेर गेलं आणि अंगणातली कढई भंगारात गेली. हुरमतला एक मुलगी झाली, रुबाना. त्यानंतर मूल झालं नाही. हाताच्या करवतीऐवजी विजेची आली. पट्ट्या भराभर पडू लागल्या आणि त्याबरोबर पिठासारखी बारीक पांढरी भुकटी घरभर उडू लागली. लियाकत तोंडाला गमछा बांधायचा. बांधला की जीव घुसमटायचा म्हणून खाली ओढायचा, खोकला आला की पुन्हा वर घ्यायचा. असा त्याचा गमछा दिवसभर वरखाली व्हायचा. मग एके वर्षी खोकला आला तो गेलाच नाही. दवाखान्यात छातीचा फोटो काढला. डॉक्टर म्हणाले, भुकटी आत जाऊन बसली आहे, ती आता निघायची नाही, नवी तेवढी जाऊ देऊ नका.

करवत विकली. पट्ट्या भेरूलालकडून तयार येऊ लागल्या. लियाकत दारातल्या खाटेवर बसला आणि घर हुरमतच्या दोन हातांवर आलं. सकाळच्या अजानला ती बसायची ती दिवेलागणीला उठायची. मान आखडायची, अंगठ्याचं नख झिजून मांसाला टेकायचं, कानस हातात तशीच राहून डोळा लागायचा आणि कपाळ गुडघ्यावर आपटलं की ती जागी व्हायची. आपण थकलो आहोत असं तिने कुणाला सांगितलं नाही. सांगायचं तर रोजच सांगावं लागलं असतं.

रुबानाचं लग्न राजसमंदला ठरलं. घर खाऊनपिऊन सुखी होतं, बाजारात बांगड्यांचं आणि साजशृंगाराचं दुकान होतं. मुलगा तौसीफ दुकानात बसायचा, सावळा, लाजरा. ठरल्याच्या आनंदात लियाकत खाटेवरून म्हणाला, "मी तिला एक पेटी करून देणार. हाडाची."

हुरमतला आधी हसू आलं. "कुठल्या श्वासाने करणार?"

"आहे तेवढ्याने."

"अहो, आपल्या गल्लीत आजवर कुणाच्या घरात गेलंय हाडाचं सामान? सगळ्यांकडे लोखंडी कपाटं."

ते खरंच होतं. आयुष्यभर हाड घासणाऱ्या त्या गल्लीत हाडाचा साधा आरसाही कुणाच्या भिंतीवर नव्हता. माल म्हणजे बाहेर जायची वस्तू. ती घरात ठेवायची असते हे कुणाच्या मनातच यायचं नाही.

"म्हणूनच," लियाकत म्हणाला. "माझी मुलगी बाहेर चालली आहे ना?"

भेरूलालने शिसवीची पेटी आपल्या हाताने जोडून पाठवली, वर निरोप दिला की रुबाना माझ्याही अंगाखांद्यावर खेळली आहे, पैशाची भाषा केलीत तर पेटी परत नेईन. लियाकतने तिच्यावर नेहमीची वेलबुट्टी काढली नाही. त्याने पळस काढला. रुबानाच्या शाळेच्या वाटेवर पळसाची झाडं होती आणि लहानपणी ती फुलं कुस्करून ओढण्या रंगवून आणायची, मार खायची. पेटीच्या चारी बाजूंनी तीन तीन पानांचे झुबके आणि झाकणावर वाकड्या चोचीची फुलं, असं त्याने कागदावर रेखलं. रेखताना चारदा थांबून श्वास घेतला.

घासायला अर्थात हुरमत. दिवसाचं काम संपवायचं, भाकऱ्या थापायच्या आणि मग पेटीच्या पाकळ्यांना बसायचं.

"या तुमच्या पेटीपायी माझे डोळे जाणार बघा."

"गेले तर बरंच. रोज माझं तोंड बघावं लागणार नाही."

"तोंड नाही बघितलं तरी खोकला ऐकू येतोच."

तो हसायचा, हसता हसता खोकायचा, आणि तिला वाटायचं, उगाच बोलले. पण पळसाचं पान घासताना तिला एक गंमत वाटू लागली होती. कारखान्याच्या पाकळ्या अमक्या मापाच्या, तमक्या जाडीच्या. इथे माप सांगणारं कुणी नव्हतं. एक पान जरा रुंद झालं तर लियाकत म्हणायचा, राहू दे, झाडावर कुठे सगळी सारखी असतात. तिचा हात त्या कामात उगाचच रेंगाळायचा, आणि सकाळी पुन्हा कारखान्याची जुडी हातात घेतली की अंग जड व्हायचं.

राळ भरून, घासून, सुईने पानांच्या शिरा कोरून, त्यात काजळी भरून पेटी तयार झाली तेव्हा गल्ली बघायला आली. शेजारची खैरू आपा, जिने हुरमतपेक्षा जास्त वर्षं कानस मारली होती, ती पेटीभोवती दोनदा फिरली. मग म्हणाली, "आपण हे बनवतो होय? मला वाटायचं आपण नुसतं घासतो."

पेटीत नव्या रजया भरल्या, टेम्पोत चढवली, आणि रुबाना रडत रडत राजसमंदला गेली.

पंधरवडा झाला असेल नसेल. हुरमत अंगणात मक्याच्या पिठाची पातळ राब, पेजेसारखी, शिजवत ढवळत होती. दारात टेम्पो थांबला. तौसीफ उतरला. जावई असा अवचित आला म्हणून ती लगबगीने डोक्यावर पदर घेत उठली, आणि मग तिला टेम्पोत पेटी दिसली.

"सलाम, अम्मी."

"जीते रहो, बेटा. रुबाना बरी आहे ना?"

"बरी आहे." तो चपलेने जमीन उकरत होता. "ही पेटी... आमच्या अम्मी म्हणतात की..."

"काय म्हणतात?"

"घरात कुराणाचं पठण असतं. मोठमोठे लोक येतात. मेलेल्या जनावराची हाडं घरात ठेवणं... लोक विचारतात. दुकानाच्या लोकांत बरं दिसत नाही, म्हणतात."

हुरमतच्या हातातली पळी राबेत गेली.

"आणि रजया?"

तौसीफची मान आणखी खाली गेली. "रजया ठेवून घेतल्या."

खाटेवरून लियाकतचा आवाज आला. "दोर थेट बांधला होता, का मध्ये पोतं घातलं होतं?"

"थेट बांधला होता, अब्बा."

"अरे! थेट बांधतात का?" लियाकत उठला. भिंतीला धरून टेम्पोपर्यंत गेला. पेटी उतरवून घेतली, अंगणात ठेवायला लावली आणि तिच्या कडेकडेने बोट फिरवलं. जिथे दोर काचला होता तिथे एक पान निघून पडलं होतं.

"बस. चहा घे," तो जावयाला म्हणाला. आणि विहिणीबद्दल, मुलीबद्दल, इज्जतीबद्दल एक शब्द न काढता त्याने हुरमतकडून पट्टीचा तुकडा मागून घेतला आणि पान घासायला बसला. तौसीफ चहाचा पेला हातात धरून बघत राहिला. चहावर साय धरली.

मग तौसीफ हळूच म्हणाला, "मला आवडली होती."

"मग आईला सांगायचंस."

"सांगितलं."

"मग?"

"मग मी टेम्पो ठरवला."

लियाकतने त्याच्याकडे पाहिलं आणि त्याला हसू आलं. "कमाल आहे. माझंही आईपुढे असंच होतं." त्याने पान जागेवर बसवलं, अंगठ्याने दाबून धरलं. सरस धरेपर्यंत अंगठा उचलला नाही.

तौसीफ गेल्यावर हुरमतने भांड्यांवर राग काढला. विहीण बिलकीस बी हिचा उद्धार करत तिने पातेली आपटली. "बांगड्या विकणारी मेली! आमची हाडं नापाक आणि आमच्या रजया पाक! उद्या जाते इमामसाहेबांकडे, लिहून आणते, की वाळलेलं हाड..."

"लिहून आणशील आणि करशील काय? तिच्या कपाळावर चिकटवशील?" लियाकत म्हणाला. "मुलगी तिच्या घरात आहे, हुरमत. गप बस."

मुलगी तिच्या घरात आहे. एवढ्यावर सगळी भांडणं संपतात. हुरमतने पातेली पुन्हा मांडून ठेवली.

पेटी खोलीत आली. खोली ती केवढी. एका अंगाला चूल-भांडी, एका अंगाला खाट, मध्ये हुरमतची बैठक. पेटी भिंतीशी ठेवली तरी येताजाता तिचा कोपरा नडगीला लागायचा. सहज म्हणून आलेल्या भेरूलालने ती पाहिली आणि तो उकिडवा बसून बघत राहिला. "लियाकतभाई, ही मला द्या. मी हिला अशा घरी पाठवतो, की ते लोक हिच्यावर पेलासुद्धा ठेवणार नाहीत."

"राहू द्या, भेरूजी. पेटी आहे, कुठे खायला मागते का?"

पण थंडी पडली आणि लियाकतचा श्वास आणखी आखूड झाला. बोलताना वाक्याचे तुकडे पडू लागले. दवाखान्यातून सांगितलं, घरी प्राणवायूची नळकांडी ठेवा, डोक्याकडून उंच होणारी खाट आणा, आडवं झोपू देऊ नका. हुरमतने खोलीकडे पाहिलं. नळकांडी ठेवायची तर बैठक जाते. बैठक गेली तर काम जातं, काम गेलं तर नळकांडी कुठून येणार? उरली पेटी. ती चार दिवस पेटीकडे बघत राहिली. घासताना बघायची, भाकरी थापताना बघायची. तोंडाने बोलायचं धैर्य होईना.

शेवटी एका दुपारी ती खाटेशी जाऊन बसली.

"रुबानाचे अब्बा, एक बोलू?"

"पेटी ना?"

"तुम्हाला कसं कळलं?"

"चार दिवस... तिच्याकडे असं बघतेस... लग्न झाल्यापासून माझ्याकडे... असं बघितलं नाहीस."

त्याने श्वास भरून घेतला.

"दे. भेरूला सांग... मध्ये पोतं घालायचं."

तिने भांडणाची तयारी केली होती. तो नाही म्हणेल, मग आपण रडू, मग तो रागावेल, मग खैरू आपाला मध्ये घालू, असं सगळं तिने मनात मांडून ठेवलं होतं. तो एका शब्दात हो म्हणाला. तिला उलट त्याचाच राग आला. इतकी सहज द्यायची होती तर माझी ती सगळी संध्याकाळची घासणी कशाला करवून घेतलीत, असं ओठांवर आलं होतं. पण त्याच्या छातीचा भाता हलताना दिसला आणि तिने ते गिळलं.

भेरूलालची माणसं पेटी न्यायला आली त्या दिवशी लियाकतने तोंड भिंतीकडे केलं. टेम्पोचा आवाज गल्लीच्या टोकाशी गेल्यावर म्हणाला, "वळणावर... घासली नाही ना कुठं?"

"नाही."

"बघितलंस?"

"बघितलं." तिने बघितलं नव्हतं.

पेटीच्या जागी नळकांडं आलं. त्याचा सूं सूं आवाज घरात राहायला आला.

थंडी सरत आली तेव्हा रुबाना आली. तिला दिवस गेले होते. बापाच्या पायाशी बसून झालं, चहा झाला, आणि मग तिची नजर भिंतीकडे गेली.

"अम्मी, पेटी?"

"दिली भेरूजींना."

"विकलीत? माझी पेटी?"

"तुझी असती तर तुझ्या घरी राहिली असती."

शब्द निघाला आणि हुरमतला तो परत घ्यावासा वाटला, पण थकल्या माणसाची जीभ सैल असते, तिला लगाम राहत नाही. रुबानाचा चेहरा पडला.

"मी तौसीफला म्हटलं होतं, वेगळं बिऱ्हाड झालं की घेऊन येऊ. मी परत पाठवायला हो म्हटलं नव्हतं, अम्मी."

"नाहीही म्हटलं नव्हतंस."

"नवी नवरी होते मी! तू म्हणाली होतीस का कधी आजीला नाही?"

खाटेवरून लियाकतने हात हलवला. नाकाला नळी असूनही बोलण्याइतका श्वास त्याच्याकडे नव्हता. नुसता पंजा वर करून तो खाली दाबत होता, जसं भांडणाऱ्या पोरांना बसा बसा म्हणतात तसं. रुबाना दोन दिवस राहिली. बापाची पाठ चोळली, आईच्या पाकळ्या घासू लागली, तेव्हा हुरमतने कानस तिच्या हातातून काढून घेतली. "पोटात लेकरू आहे तुझ्या. भुकटीत बसू नकोस." मायलेकींचं बोलणं सुरळीत झालं, पण पेटी हा शब्द दोघींनीही पुन्हा उच्चारला नाही.

आंबे यायच्या आधी लियाकत गेला. सकाळची वेळ होती. हुरमत नळावर पाण्याला गेली होती. नळावर भांडण चाललं होतं म्हणून तिला उशीर झाला. हंडा घेऊन ती आत आली, "आज त्या नळावरच्या बायांनी तर..." असं बोलत बोलतच आली, आणि तिच्या लक्षात आलं की नळकांड्याचा आवाज चालू आहे आणि दुसरा आवाज बंद आहे. हंडा तिच्या डोक्यावरून कुणी उतरवून घेतला ते तिला कधीच आठवलं नाही.

मग ती इद्दतीला बसली. नवरा गेलेल्या बाईने चार महिने दहा दिवस उंबरा ओलांडायचा नाही. गल्लीतल्या बायकांनी पट्ट्यांचं पोतं उचलून नेलं, कानशी बांधून माळ्यावर टाकल्या. हुरमत म्हणाली, "घरात बसून काम केलं तर काही मनाई नाही ना?"

"मनाई नसेल," खैरू आपा म्हणाली. "पण तू बसलीस तशी तुझे हातही बसू देत."

कुणी डाळ आणून द्यायचं, कुणी रोटी, कुणी कढी. आणि हुरमतला झोप येऊ लागली. साधीसुधी नव्हे, डोंगराएवढी झोप. सकाळची नमाज झाली की झोप, दुपारी जेवली की झोप, समाचाराला आलेल्या बाईशी बोलता बोलता झोप. पहिले काही दिवस लोक म्हणाले, धक्का बसला आहे. पण तिला आतून ठाऊक होतं. ही झोप तीस वर्षांची साठलेली होती. उठली की अंग हलकं वाटायचं, भूक लागायची, आणि मग लाज वाटायची, की नवरा मातीत गेला आणि आपण पोटभर जेवतो आहोत.

एकदा तिने खैरू आपाचा हात धरला. "आपा, एक विचारू? कुणाला सांगू नकोस. मला रडू येत नाही. झोप येते."

खैरू आपाने जराही आश्चर्य दाखवलं नाही. "मग झोप. रडायला पुष्कळ दिवस आहेत."

रडू आलं, पण फार नंतर, आणि भलत्याच वेळी. तोंड धुताना तिला दिसलं की अंगठ्याचं नख वाढलं आहे. पांढरी किनार आली होती. लग्नानंतर तिने आपलं नख असं पाहिलं नव्हतं. ते कुणाला तरी दाखवावं म्हणून ती वळली आणि खाट रिकामी होती. तेव्हा ती मोरीतच बसून रडली.

इद्दतीतच रुबानाला मुलगी झाली. हुरमतला जाता येत नव्हतं. बाळाची खबर घेऊन, आणि राहून गेलेला समाचार करायला, विहीण बिलकीस बी स्वतः आली. बरोबर मिठाईचा पुडा. हुरमतने या बाईसाठी कितीतरी शब्द घासून पुसून ठेवले होते. ती समोर आली, खाली सतरंजीवर बसली, गुडघे दुखतात म्हणून कण्हली, आणि हुरमतला दिसलं की ही तर आपल्यासारखीच एक म्हातारी होत चाललेली बाई आहे. शब्द काढायला फार उठबस करावी लागणार होती. तिने चहा टाकला.

चहा पिता पिता बिलकीस बी म्हणाली, "विहीणबाई, मनात ठेवू नका. तौसीफ सांगत होता, ती पेटी म्हणे बाहेरदेशी गेली. एवढ्या मोलाची होती, मला काय ठाऊक?"

हुरमतने तिच्याकडे पाहिलं. पळसाला पानं तीनच. बाईला वाईट वाटत होतं खरं, पण कशाचं, ते तिचं तिलाही कळत नव्हतं.

"मलाही ठाऊक नव्हतं," हुरमत म्हणाली. "घ्या, बिस्किट घ्या."

इद्दत संपली. दुसऱ्याच दिवशी भेरूलाल स्वतः आला, मागे हातगाडीवर पट्ट्यांची दोन पोती. दारात उभा राहून त्याने लियाकतच्या खाटेच्या जागेकडे पाहिलं, डोळे पुसले. खरंच पुसले, माणूस वाईट नव्हता. मग घसा साफ केला.

"भाभी, तुमच्या हाताचं काम अडलंय. नव्या पोरी घासतात, पण पाकळी म्हणजे नुसती खिळ्यासारखी. दोन पोती ठेवू?"

"एक ठेवा."

"एक? घर कसं चालेल?"

"एका माणसाचं घर आहे, भेरूजी. पूर्वी दोघांचं, तिघांचं होतं. आणि दुपारपर्यंतच बसेन. दुपारनंतर नाही."

"दुपारनंतर काय करणार?"

हुरमतने विचार केला. याचं उत्तर तिने ठरवलं नव्हतं.

"काही नाही," ती म्हणाली.

भेरूलालला वाटलं ती नाराज आहे, दर वाढवून हवा आहे. त्याने तसं बोलूनही पाहिलं. ती हसली आणि पुन्हा तेच म्हणाली. शेवटी एक पोतं आत आलं आणि एक गाडीवर तसंच परत गेलं.

तेव्हापासून हुरमत दुपारी जेवली की कानस ठेवते, तोंड धुते आणि दाराच्या पायरीवर बसते. गल्लीतल्या बायका सुरुवातीला चिडवायच्या, "आल्या बेगमसाहेबा दरबारात!" तीही म्हणायची, "या, मुजरा करा आणि जा कामाला." मग हळूहळू खैरू आपाही येऊन बसू लागली. तिच्या सुना कुरकुरल्या, पण आपाने ऐकलं नाही.

भाद्रपदात एकदा खैरू आपा म्हणाली, "हुरमत, फतेहसागर बघितलास अलीकडे?"

"अलीकडे? रुबाना कडेवर होती तेव्हा बघितला होता."

"मीपण तेव्हाच कधीतरी. चल."

दोघी बुरखे घालून रिक्षाने तळ्यावर गेल्या, रिक्षा थांबवून ठेवली. तळं काठोकाठ भरलं होतं. कणसं भाजणाऱ्याकडून त्यांनी दोन कणसं घेतली, लिंबू-मिरची लावून. काठाच्या कट्ट्यावर बसून खाल्ली. खैरू आपाचे दात हालत होते म्हणून ती दाणे बोटाने काढून खात होती आणि आपल्या धाकट्या सुनेची एक लांबलचक कागाळी सांगत होती. वारा चांगला सुटला होता. कागाळी मध्यावर आली असेल, तेव्हा आपाला जाणवलं की हूं हूं यायचं बंद झालं आहे. वळून बघते तो हुरमत कट्ट्याच्या खांबाला टेकून, अर्धं कणीस मांडीवर धरून, गाढ झोपलेली.

आपाने सांगणं थांबवलं. कणीस तिच्या मांडीवरून अलगद उचललं, उरलेले दाणे एकेक करून काढले, खाल्ले, आणि रिक्षावाला ओरडू लागेपर्यंत तिला उठवलं नाही.